गरम पाण्याच्या पंपाचं बेअरिंग सारखं जातं, शाफ्ट बदलावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमसरकडची उष्णा (धान उकडून तांदूळ काढणारी) राईस मिल, धान भिजवायच्या टाक्यांना गरम पाणी फिरवणारा 15 एचपीचा पंप, आत 6308 नंबरची (40 मिमी भोकाची) दोन बेअरिंगं. एका हंगामात ती दोन-तीनदा बदलावी लागतात आणि मेकॅनिक आता म्हणतो, शाफ्टच बदलून टाका.

मी याच पट्ट्यात मिलांची फिटिंगची कामं करतो. माझं म्हणाल तर शाफ्टचा खर्च आत्ताच करू नका. काढलेली बेअरिंगं भंगारात गेली नसतील तर आधी ती शोधा. एकेकाची बाहेरची रिंग ग्राइंडरने कापा (चष्मा घालून, हे लोखंड ठिसूळ असतं, चिलपी उडते), डिझेलने धुवा आणि उन्हात नेऊन आतून बघा. छर्रे जिथून फिरले तिथे रेसवर (रिंगमधल्या खोबणीवर) एक मंद पट्टी दिसेल. ती रेसच्या मधोमध आणि सरळ हवी. तिरकी गेली असेल तर बेअरिंग वाकडं बसलंय किंवा शाफ्ट वाकलाय. दोन्ही बेअरिंगांत पट्टी बाहेरच्या अंगाला सरकलेली असेल, म्हणजे एकात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे, तर तापलेल्या शाफ्टला लांबायला जागाच मिळत नाहीये.

गरम पाण्याच्या पंपात माझा पहिला संशय यावरच असतो. 400 मिमीचा पोलादी शाफ्ट 40 अंशांनी तापला की जवळपास 0.2 मिमी वाढतो. म्हणून दोनपैकी एक बेअरिंग हाउसिंगमध्ये (बेअरिंग ज्या घरात बसतं त्यात) पक्कं धरलेलं असतं आणि दुसऱ्याला सरकायला मोकळीक ठेवलेली असते. पक्कं कोणतं, ते पंपाच्या ड्रॉइंगमध्ये बघा. घोळ होतो तो जोडताना. मोकळ्या बाजूच्या कव्हरचं जुनं पॅकिंग फाटलेलं असतं, कोणीतरी ते खरवडून काढतो, नवीन कापायचा कंटाळा येतो आणि कव्हर तसंच आवळलं जातं. मग कव्हर बाहेरच्या रिंगला दाबून धरतं. थंड असताना पंप हाताने छान फिरतो, पाणी तापलं की तासाभरात हाउसिंगवर हात टिकत नाही.

शाफ्ट खराब आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. बेअरिंगची बैठक मायक्रोमीटरने मोजा. 40 मिमीच्या शाफ्टला के5 फिट (रिंग घट्ट बसावी म्हणून ठरलेली मापाची मर्यादा) दिला असेल तर माप 40.002 ते 40.013 मिमीच्या आत येतं. 40 च्या खाली गेलं असेल तर आतली रिंग शाफ्टवर घसरते, तिथे चकाकी आणि रेघा दिसतात. अशा वेळी आपल्याकडे सर्रास सेंटर पंचने ठोके मारून शाफ्ट ‘जाड’ करतात. कृपा करून करू देऊ नका. बेअरिंग त्या टोकांवर तेवढं टेकतं, टोकं महिन्याभरात चेपतात आणि बेअरिंग पुन्हा ढिलं. बैठकीवर भर घालून ग्राइंडिंग करून घ्या, नाहीतर मग खरोखरच नवा शाफ्ट करा. वाक बघायला शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावा आणि शाफ्ट फिरवा. 0.05 मिमीपर्यंत काटा हलला तर मी चालवून घेतो.

बसवताना बेअरिंग तापवायचं ते 100-110 अंशांपर्यंत, गॅसच्या ज्योतीवर मुळीच नाही. ठोकायचीच वेळ आली तर पाइपचा तुकडा फक्त आतल्या रिंगवर टेकवा. हे काम मिलच्या शेडमध्ये नको. कोंड्याच्या धुळीत सिलिका असते, ती ग्रीसमध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. बंद खोलीत, स्वच्छ कागदावर करा आणि नवीन बेअरिंग बसवायच्या क्षणापर्यंत पाकिटातच राहू द्या.

ग्रीस लिथियमचं, हाउसिंगमधली निम्मी जागा भरेल इतकंच. ‘गरम होतंय, अजून ग्रीस मारा’ या सल्ल्याने बेअरिंग आणखी तापतं. जुनं ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालेलं असेल तर पाणी आत शिरतंय. ग्लँडमधून (शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथल्या दोरीच्या पॅकिंगमधून) मिनिटाला 40-60 थेंब पडायलाच हवेत. पण धार लागत असेल तर स्लीव्हवर (तिथे शाफ्टवर चढवलेल्या नळीवर) खाच पडली आहे का बघा, आणि शाफ्टवरची पाणी उडवणारी रबरी रिंग जागेवर आहे का तेही.

कपलिंगचं (मोटर आणि पंप जोडणाऱ्या सांध्याचं) अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं, थंड असताना करा आणि पंप तासभर गरम चालवून, बंद करून लगेच पुन्हा तपासा. दोन्ही वेळा कपलिंगला हात लावण्याआधी मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात ठेवा. सक्शन-डिलिव्हरीच्या फ्लँजचे बोल्ट ढिले केल्यावर पाइप उडी मारून बाजूला सरकला, तर पंप पाइपाचं ओझं वाहतोय. आधी पाइपाला आधार द्या, अलाइनमेंट मग.

भरडाई संपल्यावर पंप महिनोन्‌महिने उभा राहतो. शेजारच्या मशीनच्या थरथरीने छर्रे एकाच जागी रेसला डाग पाडतात. आठवड्यातून एकदा कपलिंग हाताने सव्वा फेरा फिरवून खडूने खूण करायला गड्याला सांगा.

जुन्या रेसचे फोटो असतील तर इथे टाका, कपलिंगकडचं बेअरिंग कोणतं ते लिहून. पट्टी बघून सांगतो.