वडील सगळी शेतजमीन एकट्या भावाला मृत्युपत्राने देऊ शकतात का?

ताई, खेड तालुक्यातली आजोबांकडून आलेली तीन एकर जमीन वडील भावाच्या एकट्याच्या नावे मृत्युपत्र करून ठेवणार आहेत आणि तसं करता येतं का, असं तुम्ही विचारलंय. आजच्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जमीन आजोबांकडे कशी आली आणि आजोबा वारले कधी, हे जुन्या फेरफारात, म्हणजे मालकी बदलल्याच्या सरकारी नोंदीत, बघा.

मी वकील नाही, पण या वाटेने जाऊन आलोय. पुरंदरची आमची जमीन ‘वडिलोपार्जित’ असं लहानपणापासून ऐकलेलं. वडिलांनी ती धाकट्याला दिली तेव्हा मी तावातावाने नोटीस काढायला गेलो. तहसीलच्या अभिलेख कक्षात चकरा मारून फेरफार मिळवला, तर आजोबांनी ती खरेदीखताने घेतलेली, आणि ते वारले 1968 साली. तिथेच माझी बाजू संपली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याखाली बापाची स्वकष्टाची मिळकत मुलाकडे आली की ती मुलाची स्वतःची होते, नातवंडांचा तिच्यात जन्मजात हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली चंदर सेन प्रकरणात हेच सांगितलंय. अशी जमीन वडील कुणालाही देऊ शकतात.

तुमचे आजोबा हा कायदा लागू झाला त्या 17 जून 1956 च्या आधी वारले असतील तर गोष्ट उलटी. तेव्हा आलेली जमीन वडिलांच्या हाती वडिलोपार्जितच, आणि याच कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगीही मुलासारखी जन्मानेच भागीदार. 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर 2005 मध्ये वडील हयात होते का, हा वादही उरला नाही. याच कायद्याच्या कलम 30 प्रमाणे वडील मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. घरात आई-वडील, भाऊ आणि तुम्ही असाल, तर आपल्याकडे वाटपात आईलाही हिस्सा धरतात. म्हणजे 120 गुंठ्यांचे चार भाग, आणि वडिलांच्या हातात 30 गुंठे. मृत्युपत्र रजिस्टर केलं म्हणून त्या 30 चे 120 होत नाहीत! मात्र 20 डिसेंबर 2004 आधी नोंदणीकृत वाटप झालेलं असेल तर ते टिकतं. आणि जमीन पणजोबांपासूनची असून आजोबा 1956 नंतर वारले असतील, तर हिशेब गुंततो. तिथे वकील लागेलच.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळकायदा कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, असा) दिसला तर घाबरू नका. भाऊ घरचाच आहे. ही जमीन बाहेरच्या बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने द्यायची म्हटली तर अडतं. 2020 मध्येच गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं, आणि तो कायदा आपल्यासारखाच 1948 च्या मुंबई कायद्यातून आलेला.

खरी भीती मला मृत्युपत्राची वाटत नाही, हक्कसोडपत्राची, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताची, वाटते. ‘नुसती सही कर, कर्ज काढायचंय,’ म्हणून दुय्यम निबंधकाकडे नेतात, आणि ती सही झाली की नंतर तोंड उघडायला जागा राहत नाही. फेरफार हाती येईपर्यंत कशावरही सही करू नका. मृत्युपत्रावरून पुढे फेरफाराची नोंद धरली गेलीच, तर नोटिशीनंतर 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मालकी मात्र तिथे ठरत नाही, त्यासाठी दिवाणी दावाच करावा लागतो.