भुरीला घरी नेण्यापूर्वी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

"काका, मी भुरीला घरी नेऊ का?" असे तू परवा रविवारी विचारलेस, तेव्हा मी उत्तर टाळले, याचे तुला वाईट वाटले असणार. गेले तीन महिने तू आपल्या निवाऱ्यात येतेस, इतर कुत्र्यांची भांडी घासून झाली की भुरीपाशी जाऊन बसतेस, हे मी पाहत आलो आहे. त्यामुळे हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होते. पण भुरी शेजारी उभी असताना तिच्याविषयी नीट विचार करणे मलाही जमत नाही, म्हणून हे लिहून पाठवतो आहे. घरी सावकाश वाच.

भुरी आपल्याकडे आली ती दोन वर्षांपूर्वी, रिंग रोडवरच्या अपघातानंतर. मागचा उजवा पाय जोडला गेला, पण चालताना ती अजून किंचित लंगडते. दातांवरून डॉक्टरांनी तिचे वय आज चार वर्षांचे सांगितले आहे. नसबंदी झालेली आहे, कानाच्या टोकाची खाच ही त्याचीच खूण. तिच्या रंगावरून आपल्या चौकीदाराने तिला भुरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिले. या दोन वर्षांत कुत्रा पाळायचा म्हणून कितीतरी कुटुंबे येऊन गेली. कुणाला पिल्लू हवे होते, कुणाला लॅब्राडोर. मोठी झालेली, लंगडणारी, देशी कुत्री कुणालाच नको होती. आणि तरी त्यातल्या प्रत्येकाजवळ ती गेली, पाठ वळवून त्याच्या पोटरीला आपल्या कमरेचा सगळा भार टेकवून उभी राहिली, आणि ते निघून गेल्यावर फाटकाकडे बघत बसली.

तुला तिने जिंकले आहे ते याच टेकण्याने, हे मी ओळखतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात असे दिसले की अनोळखी माणसावर विश्वास बसायला या कुत्र्यांना वारंवार मिळणाऱ्या खाऊपेक्षा वारंवार फिरवलेला मायेचा हात अधिक उपयोगी पडतो. ज्या जिवाला आपण हाकलतो आणि दगड मारतो, त्याला आपल्याकडून पोळीपेक्षा हात हवा असतो, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पण यातूनच तुला एक कडू गोष्ट सांगायची आहे. भुरी तुला टेकते तशी दूधवाल्यालाही टेकते, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनाही टेकते. तिची माया खोटी आहे असे मी म्हणत नाही. तिला आपले म्हणावे असे एक माणूस हवे आहे आणि ते माणूस तू अजून झालेली नाहीस. ते होण्यासाठी लळा पुरत नाही. तिच्या दिवसाला तुझ्या दिवसात जागा आहे का, एवढाच प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर भुरीच्या डोळ्यांत पाहून मिळणार नाही. तुझ्या घरच्या घड्याळात आणि तुझ्या पुढच्या दहा वर्षांत पाहून मिळेल.

हे मी चूक करून शिकलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी असाच एक मायाळू कुत्रा मी एका भल्या कुटुंबाला दिला. माणसे खरोखर चांगली होती, मुलांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून मी दुसरे काही विचारलेच नाही. दुपारी घरात कोण असते, हा साधा प्रश्न मी विचारला नाही. दुपारी कुणीच नसे. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी त्याला परत आणले. त्याने दार ओरबाडले होते, शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, आणि आणून सोडताना ती मुले पुन्हा रडत होती. त्यानंतर तो कुत्रा जेवत असे, औषध घेत असे, पण फाटक वाजले की उठत नसे. चार वर्षे तो आमच्याकडे होता. दोष त्या कुटुंबाचा नव्हता, माझा होता, आणि भुरीच्या बाबतीत तो माझ्या हातून पुन्हा घडू नये म्हणून तुला हे इतके प्रश्न.

देशी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-चौदा वर्षे सहज जगतो. म्हणजे भुरीची अजून आठ-दहा वर्षे धर. तू आज चोवीस वर्षांची आहेस. इंदूरची किती मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेली, हे तुला राजेंद्र नगरात आपल्या गल्लीत मोजून सांगता येईल. उद्या तुलाही तशी संधी येईल, आणि ती तू घ्यावीस असेच मला वाटते. मग भुरी कुठे असेल? भाड्याने घर शोधताना कुत्रा म्हटल्यावर घरमालक नकार देतात, आणि असे चार नकार ऐकून पाचवे घर शोधण्याची तयारी लागते. लग्नाचे बोलणे निघेल तेव्हा पगार आणि पत्रिका यांच्याबरोबर भुरीचेही नाव पहिल्याच भेटीत निघायला हवे. साखरपुड्यानंतर सांगायची ही गोष्ट नव्हे. आणि "मी गेले तर आई-बाबा आहेतच" हे मनात आले असेल तर ते गृहीत धरू नकोस. त्यांना स्पष्ट विचार, आणि उत्तर लगेच मागू नकोस. मुलीच्या उत्साहापुढे आई-वडील मान डोलावतात. तू बाहेर गेल्यावर दोघे आपसांत जे बोलतील तेच त्यांचे खरे उत्तर असेल, ते तुझ्यापर्यंत यायला आठ दिवस दे.

आजींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचे सोवळे आहे, देवघर आहे, हे तूच मला सांगितलेस. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, होळकरांच्या कुलदैवताच्या, खंडोबाच्या चित्रातही कुत्रा असतो, असे दाखले देऊन तू आजींना गप्प करू शकशील. पण गप्प केलेले माणूस राजी झालेले नसते, आणि कुत्र्याला घरातला हा फरक फार लवकर कळतो. त्यापेक्षा त्यांच्यापाशी बसून हद्द ठरव. देवघर आणि स्वयंपाकघर यांचा उंबरा भुरीने ओलांडायचा नाही, असे ठरले तर ती ते शिकेल. अट एवढीच की घरातल्या प्रत्येकाने ते सारखे पाळावे, एकाने अडवायचे आणि दुसऱ्याने लाडाने आत घ्यायचे असे होऊ नये. मला आजींच्या बाबतीत सोवळ्यापेक्षा त्यांच्या तोलाची काळजी अधिक वाटते. अठरा किलोंची कुत्री जेव्हा पूर्ण भार टाकून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या गुडघ्याला टेकते, तेव्हा तिच्या मायेनेच हाड मोडू शकते. म्हणून भुरी बसली की मगच तिच्या अंगावरून हात फिरवायचा, उभी असताना नाही, ही सवय आपण येत्या रविवारपासून इथेच लावू या. तिचे टेकणे बंद करायचे नाही, ते बसून करायला शिकवायचे.

तुमच्या सोसायटीत कुणी नियमावर बोट ठेवले तर घाबरू नकोस. पाळीव कुत्रा ठेवण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. परंतु हा कागद खिशातच राहू दे आणि आधी शेजाऱ्यांना भुरीच्या लसीकरणाची नोंद दाखव, महापालिकेत तिची नोंदणी करून घे, जिन्यात आणि लिफ्टमध्ये साखळी आखूड धर, आणि फिरायला जाताना पिशवी विसरू नकोस; २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवत आलेल्या आपल्या शहरात कुत्र्याची घाण रस्त्यावर टाकून पुढे गेलेल्या माणसाला कुणी विसरत नाही. घरी नेलेली कुत्री पुन्हा रस्त्यावर जाता कामा नये, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घेण्यासंबंधी म्हटले आहे. आपल्या फॉर्मवर तू सही करशील तेव्हा त्या सहीचा अर्थ तोच असेल.

आता पहिल्या दिवसांविषयी. निवाऱ्यात काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असे एक ढोबळ माप सांगतात: तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, आणि तीन महिन्यांनी घर आपले वाटण्याचे. भुरीला याहून अधिक वेळ लागेल असे मला वाटते, कारण तिने घर आतून कधी पाहिलेलेच नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, डोक्यावर फिरणारा पंखा, बंद होणारे लिफ्टचे दार, यांतली प्रत्येक गोष्ट तिला नवी असेल. तुमच्या गुळगुळीत फरशीवर तिचा दुखरा पाय घसरेल, म्हणून तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जुन्या सतरंज्या अंथरून ठेव. ती पलंगाखाली जाऊन बसेल, एक-दोन वेळा जेवणार नाही. आणि जिच्यासाठी तू तिला नेलेस ती गोष्टच, ते टेकणे, कदाचित पंधरा दिवस तुला दिसणार नाही. त्या पंधरा दिवसांत तुझे मन खट्टू होईल, इथे तर ती माझ्याजवळ धावत येत होती, असे वाटेल. परत आणली जाणारी पुष्कळ कुत्री याच दिवसांत परत येतात. तेव्हा तिला ओढून बाहेर काढू नकोस. तू पलंगाशेजारी जमिनीवर बसून आपले काहीतरी वाचत राहा. कुत्रा वारंवार जांभया देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो, तेव्हा तो आळसावलेला नसतो, अस्वस्थ असतो, आणि त्याला थोडे अंतर हवे असते.

पहिल्या आठवड्यात आंघोळ नको, पाहुणे नकोत, फोटो काढायला मैत्रिणी नकोत. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला पहिल्याच तासापासून हवा, कारण नव्या घरातून कुत्री हरवतात ती पहिल्याच दिवसांत, अर्धवट उघड्या राहिलेल्या दारातून. आठ दिवसांची रजा काढ, पण सगळी रजा तिच्याजवळ बसून घालवू नकोस. पहिल्या दिवशी पाच मिनिटे बाहेर जाऊन ये, मग पंधरा, मग तासभर, म्हणजे तू जातेस तशी परत येतेस हे तिला कळेल. माझ्या त्या जुन्या चुकीवरचा इलाज हाच होता. दिवाळी नुकतीच संपली आहे, रंगपंचमीची मिरवणूक, आपली गेर, अजून लांब आहे. फटाके आणि ढोल या दोहोंच्या मधला हा शांत काळ तिला न्यायला चांगला आहे.

खाण्यापिण्याचे थोडक्यात लिहितो. आपल्या सकाळच्या पोह्यांतला कांदा, लाडवातले बेदाणे, चॉकलेट, यांतले काहीही तिला द्यायचे नाही. ही विषे आहेत, "एवढ्याशाने काय होते" असे म्हणणाऱ्या पाहुण्यालाही हे ठामपणे सांग. शिजवलेली हाडे नकोत. आपल्या घरातली तापाची गोळी तर कधीच नको, पॅरासिटामॉलने कुत्रा दगावू शकतो. नाक गरम लागले म्हणजे ताप, हे खरे नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, तेव्हा थर्मामीटर वापर. गोचिडी दर दोन दिवसांनी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत शोध, कारण गोचीडताप सुरुवातीला दिसत नाही. ती मलूल झाली आणि हिरड्या फिकट दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. रेबीजची लस दरवर्षी. उन्हाळ्यात डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघ, जी तुला सोसत नाही ती जमीन तिच्या पंजांनाही सोसत नाही. पायाचे दुखणे वाढले तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल, मी बरोबर येईन.

हे सगळे वाचून तुझे उत्तर "नाही" असे आले, तर ते मला न लाजता सांग. तू वाईट ठरणार नाहीस, आणि भुरीचे रविवार तसेच चालू राहतील. "हो" असे आले तर येत्या रविवारी आई-बाबांना आणि जमल्यास आजींना घेऊन ये. आजींसाठी मी सावलीत खुर्ची ठेवीन, त्यांनी बसावे आणि भुरीला त्यांच्याजवळ आपण होऊन येऊ द्यावे. ती ज्या गोधडीवर झोपते ती मी तुझ्याबरोबर देणार आहे. मळलेली आहे, तिला वासही येतो. निदान महिनाभर ती धुऊ नकोस; तुमच्या घरात तिच्या ओळखीचे तेवढेच असेल.

तुझा,
काका