गोदामातल्या फोर्कलिफ्टला रिव्हर्स अलार्म आणि लाइट कोणते लावावेत?

तुम्ही लिहिलंय की भिवंडीच्या गोदामात तीन बॅटरीवरच्या आणि एक डिझेल फोर्कलिफ्ट आहे, रिव्हर्स घेताना एक माथाडी कामगार थोडक्यात बचावला आणि आता मालक म्हणतात, सगळ्यात मोठ्या आवाजाचे अलार्म आणा. मी चाकणच्या भागात गोदामांच्या सुरक्षेचं काम पाहतो. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यात मोठा आवाज घेऊ नका.

पत्र्याच्या शेडमध्ये एकसुरी ‘पीं-पीं’ चारही बाजूंनी आदळून परत येते. गाडी मागून येतेय की पलीकडच्या रॅकमधून, हे कानाला कळत नाही. त्यात चारही गाड्या एकाच सुरात वाजत असतील तर माणसं मान वळवणंच सोडून देतात. खरा धोका तिथे आहे. म्हणून ब्रॉडबँड अलार्म मागा. त्याचा आवाज ‘खर्र-खर्र’ असा येतो, त्यात अनेक कंपनं एकत्र असतात, त्यामुळे दिशा चटकन कळते आणि गाडीच्या टापूबाहेर तो लवकर विरतो.

किती डेसिबल हवेत, ते कॅटलॉगवरून ठरवू नका. लोडिंगची गर्दी असेल तेव्हा डेसिबल मीटर घेऊन डॉकवर, रॅकच्या तोंडाशी आणि शटरजवळ, माणसाच्या कानाच्या उंचीवर मोजणी करा. माणूस जिथे उभा असतो तिथे अलार्म आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा ५ ते १० डेसिबल वर ऐकू आला की पुरे. कॅटलॉगमधला आकडा साधारण एका मीटरवरचा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ९७ चा अलार्म ४ मीटरवर ८५ च्या आसपास येतो. गोंगाट मोजून स्वतःच आवाज कमी-जास्त करणारे अलार्मही मिळतात. दिवसा गजबज आणि रात्री शांतता असलेल्या गोदामाला तेच बरे. ११२ डेसिबलचा भोंगा ऑपरेटरच्या पाठीशी शिफ्टभर वाजत राहिला तर ऑपरेटर भोंग्यात बोळा कोंबतो नाहीतर वायर काढतो, आणि त्याच्या कानांचा विचार केला तर मला त्याला दोष देता येत नाही.

बॅटरीच्या गाड्या चालताना जवळजवळ मुक्या असतात, त्यामुळे त्यांना जमिनीवर निळा ठिपका पाडणारा स्पॉटलाइट पुढे आणि मागे, दोन्हीकडे हवाच. रॅकच्या कोपऱ्यावर गाडीआधी तो ठिपका जमिनीवर पोचतो. इथे वेगाचा हिशेब करा: ताशी १० किलोमीटरने गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते. ठिपका ३ मीटरवर पडत असेल तर समोरच्याला जेमतेम एक सेकंद मिळतो. तो ५ मीटरच्या आसपास पडेल असा कोन ठेवा आणि कोपऱ्यांवर वेग कमीच ठेवायला लावा. बाजूंना लाल रेषा टाकणारे लाइट असतात, तेही उपयोगी आहेत. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, वळताना काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारा मागचा जड भाग, बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभ्या माणसाचा पाय सापडतो. ती रेषा ‘याच्या आत येऊ नका’ हे जमिनीवरच दाखवते. मात्र शटरजवळच्या उन्हात निळा काय, लाल काय, काहीच दिसत नाही. डेमो भर दुपारी डॉकवरच घ्या.

गाडीच्या टपावरचा पिवळा बीकन, म्हणजे लुकलुकणारा दिवा, लांबून दिसण्यापुरता ठीक. सेकंदाला एक-दोनदा लुकलुकणारा पुरे. त्याहून जलद असेल तर मालाला गुंडाळलेल्या प्लास्टिकवरून (स्ट्रेच फिल्म) परतणारी चमक ऑपरेटरच्याच डोळ्यांना जास्त त्रास देते.

आता वायरिंग, कारण गोंधळ बहुधा तिथेच होतो. १२ व्होल्टचे लाइट लावायला ४८ व्होल्टच्या बॅटरीच्या मधूनच १२ व्होल्ट काढायची सवय काही इलेक्ट्रिशियनना असते. तसं केलं की तेवढेच सेल जास्त उतरतात आणि महागडी बॅटरी बिघडते. एकतर १२ ते ८० व्होल्टवर चालणारे लाइट घ्या, नाहीतर पूर्ण बॅटरीवरून व्होल्ट उतरवून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर फ्यूजसह बसवा. निगेटिव्ह वायर बॉडीला जोडू नका, दोन्ही वायरी वेगळ्या न्या. बॅटरीच्या गाडीत चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बॅटरीपासून अलग ठेवलेली असते. ऑपरेटरच्या डोक्यावरच्या लोखंडी जाळीला (ओव्हरहेड गार्ड) भोक पाडू देऊ नका, क्लॅम्प वापरा. वरून माल पडला तर ऑपरेटरचं डोकं तोच गार्ड वाचवतो. आणि गोदामात थिनर किंवा सॉल्व्हंटचा साठा असेल तर हे साधे लाइट तिथे चालत नाहीत, फ्लेमप्रूफ, म्हणजे ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणाऱ्या गाडीचाच विचार करावा लागेल.

पैसे कमी असतील तर माझा क्रम असा: आधी पायवाटेला पिवळे पट्टे आणि रेलिंग, मग निळे लाइट, मग अलार्म बदलणं. बीकन शेवटी. माणसं आणि गाड्या एकाच वाटेने जात असतील तर कुठलाही भोंगा पुरा पडत नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ गाड्यांच्या रस्त्यापलीकडे असेल तर तो आधी अलीकडे आणा.

मोठी ऑर्डर देण्याआधी एका गाडीवर आठवडाभर ट्रायल घ्या. मग मुकादमाला आणि डॉकवरच्या कामगारांना विचारा: गाडी कुठून येतेय ते न बघता कळलं का? ते नाही म्हणाले तर तो अलार्म परत करा.