पोहताना २५ मीटरला दम लागतो, सायकल साधी आहे. पाच महिन्यांत पहिली ट्रायथलॉन जमेल का?

जमेल. तुम्ही लिहिलंय की वय ४१, ठाण्यात राहता, पावसाळ्यातल्या वर्षा मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर पळून झालं आहे, सायकल म्हणजे मुलाची गिअरवाली एमटीबी (माउंटन बाइक), आणि तरण तलावात एक लांबी पोहलं की कठडा धरावा लागतो. स्प्रिंट ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या स्पर्धेचा छोटा प्रकार, पाच महिन्यांवर आहे आणि घरचे म्हणतात, आधी चांगली सायकल घे. माझं म्हणणं उलट आहे. सायकलचे पैसे आत्ता बाजूला ठेवा आणि पाण्यात उतरा. मी नेरूळला राहते. त्रेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पहिली स्प्रिंट पूर्ण केली. तेव्हा तुमच्याइतकं पळणंही माझ्याकडे नव्हतं.

आधी अंतरं, कारण आपल्याकडे प्रत्येक ट्रायथलॉनला लोक आयर्नमॅन म्हणतात आणि घरचे उगाच घाबरतात. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. ऑलिंपिक अंतर याच्या दुप्पट. गोव्यात होते ती हाफ आयर्नमॅन, १.९ किलोमीटर, ९० आणि २१.१. पूर्ण आयर्नमॅन त्याच्याही दुप्पट. तुमच्या स्पर्धेत पोहायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील, एमटीबीवर तासभर, पळायला पस्तीस-चाळीस मिनिटं. वेळेच्या हिशेबात पोहणं सगळ्यात छोटं आहे, पण नवशिक्याची स्पर्धा सुटते ती तिथेच.

तुमचा दम कमी नाही. दहा किलोमीटर पळणाऱ्या बाईला २५ मीटरला धाप लागते, ती श्वास न सोडल्यामुळे. मलाही हे पटत नव्हतं. आमचे शिक्षक साठीच्या पुढचे होते. पहिल्या दिवशी त्यांनी हात मारूच दिले नाहीत. छातीभर पाण्यात कठड्याला धरून उभं केलं आणि म्हणाले, "ताई, तोंड पाण्यात घाला आणि नाकानं हंऽऽ म्हणा, गुणगुणल्यासारखं." मी तोंड घातलं, थोडे बुडबुडे सुटले, वर आले.

"किती सोडलात?"

"सगळा."

"नाही सोडला. सगळा सोडला असता तर वर आल्यावर आधी श्वास घेतला असता. तुम्ही आधी बोललात."

त्यानंतर आठ दिवस आमचं तेवढंच चाललं. हळूहळू कळायला लागलं की नीट सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे भसाभसा येत नाहीत. बारीक माळेसारखे नाकातून निघतात, गालावरून कानाकडे सरकतात, तिथे गुदगुल्या होतात. ती गुदगुली म्हणजे बरोबर चाललंय याची खूण. आपण घाबरून श्वास कोंडतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि गुदमरल्यासारखं होतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. मग मान वळवल्यावर मिळणाऱ्या जेमतेम सेकंदभरात श्वास सोडायचाही असतो आणि घ्यायचाही, आणि दोन्ही अर्धवट राहतं. सोडण्याचं काम पाण्याखालीच संपलं तर वर फक्त घ्यायचं उरतं. मला तिसऱ्या आठवड्यात एक दिवस चार लांब्या सलग झाल्या, आणि पाचवीला वळल्यावर लक्षात आलं की मी मनात भाजीचा हिशेब करतेय.

पळणाऱ्यांची दुसरी अडचण पायांची. घोटे ताठ असतात, पोहताना पाय सायकल मारल्यासारखे गुडघ्यातून हलतात, मग कंबर बुडते आणि सगळी ताकद तिथे जाते. पाय मांडीतून, सैल आणि हलके मारा. वेग त्यातून फारसा मिळत नाही, शरीर आडवं राहतं तेवढं पुरे. नजर समोर नको, तळाकडे हवी. आठवड्यातून तीन दिवस पाणी सोडू नका. २५ मीटरच्या तलावात ७५० म्हणजे ३० लांब्या. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्या सलग व्हायला हव्यात, कितीही हळू. मध्ये ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) घेतला तरी चालतो. स्पर्धेतही तो चालतो.

एक गोष्ट मनापासून सांगते, टाळू नका. फी भरायच्या आधी डॉक्टरांकडे जा. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला होता. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. घाबरवायला सांगत नाही. चाळिशीनंतर ईसीजी काढून घ्यावा, बीपी-शुगर तपासावी, घरात कुणाला हृदयविकार असेल तर तसं स्पष्ट सांगावं. स्ट्रेस टेस्ट करायची का ते डॉक्टर ठरवतील.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. मी सगळा सराव तलावातल्या निळ्या फरशीवर केला आणि थेट स्पर्धेच्या दिवशी मोकळ्या पाण्यात उतरले. स्पर्धा कोल्हापूरकडे होती, पाणी मातकट हिरवं. तोंड आत घातलं तर स्वतःचा पंजा दिसेना. तळाला काळी पट्टी नाही, कठडा नाही, आजूबाजूला पन्नास जणांचे हात-पाय. एक टाच माझ्या गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात पाणी गेलं आणि छाती अशी आवळली की कुणीतरी पट्टा ओढावा. शंभर मीटरसुद्धा झाले नव्हते. डोक्यात एकच, परत फिरावं. तेव्हा त्या आठ दिवसांचा उपयोग झाला. मी पाठीवर वळले, कान पाण्यात गेले, बाहेरचा गलका बंद झाला. हंऽऽ करून सगळा श्वास सोडला. मग दुसरा. बचावासाठी कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन फिरणारा पोरगा जवळ आला, "काकू, धरा की, घाबरू नका." मी धरलं. कयाक धरून विसावा घ्यायला सहसा परवानगी असते, फक्त तिने तुम्हाला पुढे नेता कामा नये. हे नियम वाचताना पाहिलं होतं म्हणून हात लावायला कचरले नाही. वीस श्वास मोजले, गॉगल झटकून लावला आणि पहिल्या बोयापर्यंत (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपर्यंत) ब्रेस्टस्ट्रोकनं गेले. तिथून पुढे फ्रीस्टाइल. २७ मिनिटं लागली.

म्हणून स्पर्धेआधी दोन-तीनदा तरी मोकळ्या पाण्यात पोहा. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण उपवन काय किंवा मासुंदा काय, ते पोहायचे तलाव नाहीत. खाडीत तर नकोच, गाळ आणि ओहोटीची ओढ दोन्ही वाईट. प्रशिक्षक आणि सुरक्षेची होडी सोबत असेल अशा गटाबरोबरच जा. तारखा जुळत असतील तर मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये समुद्री जलतरण स्पर्धा होतात, तिथलं छोटं अंतर करून पाहा. गर्दीत पोहण्याची सवय होते. सुरुवातीला मागे, कडेला उभ्या राहा आणि शिट्टी झाल्यावर दहा-पंधरा सेकंद इतरांना जाऊ द्या. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर काढून दिशा बघा. बोया लाटेत दिसत नाही, म्हणून त्याच्या मागचं एखादं उंच झाड किंवा देवळाचा कळस आधीच हेरून ठेवा.

सायकल. मुलाची एमटीबी चालेल. दुकानात नेऊन तिचे जाड काट्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर बसवा, हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत भरपूर ठेवा आणि सीटची उंची नीट करा. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. एवढ्यानेच सायकल वेगळी वाटते. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट नकोत. पळायच्या बुटांवरच चालवा, म्हणजे पळताना बदलायला नको. मीही साध्या हायब्रिड सायकलवर स्पर्धा केली. स्वतःला द्यायची असेल तर भेट म्हणून चांगलं हेल्मेट आणि मागचा लाल दिवा द्या.

हे दिव्याचं कळकळीने सांगते. आमच्याकडे सगळे पाम बीच रस्त्यावर येतात. वाशी ते बेलापूर आणि परत म्हणजे साधारण तुमचे वीस किलोमीटर होतात, रस्ता सपाट, पहाटे खाडीवरून वारा. पण मोकळा रस्ता दिसला की गाड्याही तशाच सुटतात. २०२४ च्या फेब्रुवारीत इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी याच रस्त्यावर पहाटे सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेत गेले. ते अनुभवी होते, सोबतही होती. त्यामुळे एकटीने अंधारात निघू नका. उजाडल्यावर, गटाने, डाव्या कडेने, भडक कपड्यात. ठाण्यात घोडबंदर रस्ता सरावासाठी नकोच, अवजड वाहनं फार. रविवारी सकाळी उपवनच्या बाजूला फेऱ्या मारा आणि पाय बनवायला महिन्यातून दोनदा येऊरचा चढ. उतरताना ब्रेक जपून, वळणांवर माणसं चालत असतात.

पळण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! फक्त सायकलवरून उतरून पळणं हा वेगळाच प्रकार आहे. याला ब्रिक म्हणतात. पहिले पाच-सात मिनिटं पाय लाकडाचे होतात, आपण जागच्या जागी पळतोय असं वाटतं, आणि घड्याळात मात्र वेग नेहमीपेक्षा जास्त दिसतो, कारण सायकलची लय डोक्यात असते. तिथे मुद्दाम हळू पळा, छोटी पावलं टाका. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं सायकल आणि लगेच दहा मिनिटं पळणं, एवढं पुरतं. मी पाम बीचवरून आले की मैत्रिणीकडे सायकल देऊन ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेतल्या ट्रॅकवर पळायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून पाय लवकर सुटायला लागले.

मधल्या बदलाच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात आणि त्याची घरी तालीम करावी लागते. जमिनीवर एक टॉवेल अंथरा, त्यावर हेल्मेट उलटं, पट्टा उघडा, आत चष्मा. शेजारी बूट, मोज्यात थोडी टाल्कम पावडर, कारण ओल्या पायावर मोजा चढत नाही. बिब (स्पर्धक क्रमांकाचा कागद) कमरेच्या इलॅस्टिक पट्ट्याला लावलेलं. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा बंद हवा आणि परत आल्यावर सायकल रॅकवर टांगेपर्यंत तो उघडायचा नाही. यावर दंड होतो, कधी स्पर्धेतून बादही करतात. आखलेल्या रेषेच्या पुढे गेल्यावरच सायकलवर बसायचं, आणि येताना रेषेच्या आधी उतरायचं. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून चालवायलाही सहसा बंदी असते, ऑलिंपिक अंतरापर्यंत साधारण १० मीटर सोडतात. तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक येईल ते दोनदा वाचा. पोशाखाचा प्रश्न पडला असेल, तर ट्रायसूट घालून तिन्ही गोष्टी होतात. आमच्या महिला बॅचमधल्या दोघींनी पूर्ण बाह्यांचा घेतला आणि त्यांना कुठेच अडचण आली नाही. नव्या सूटचा काखेत आणि मानेला काच बसतो, तिथे व्हॅसलिन लावा.

खाण्यात नवीन प्रयोग नको. मी अडीच-तीन तास आधी दोन इडल्या आणि केळं खाते, सायकलवर एका बाटलीत ओआरएस. आपल्या दमट हवेत घाम खूप जातो, पण म्हणून नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही.

शेवटची आले तर काय, असं विचारलंय. कटऑफची, म्हणजे स्पर्धा संपवायची शेवटची वेळ आधी बघून घ्या. स्प्रिंटला ती बहुतेक वेळा सैल असते. मी बायकांमध्ये शेवटून दुसरी होते. शेवटच्या किलोमीटरला टेबल आवरणारी मुलं थांबून टाळ्या वाजवत होती आणि माझी लेक, जिला सकाळी पाचला उठवून आणलं होतं, ती चपला हातात घेऊन माझ्या बाजूने दोरीपलीकडून पळत होती. माझ्यामागून आलेल्या बाईंसाठी मग आम्ही दोघी थांबलो.

या आठवड्यात एवढंच करा. डॉक्टरांची वेळ घ्या, महापालिकेच्या तरण तलावावर सकाळच्या बॅचची चौकशी करा, आणि बॅच मिळेपर्यंत रोज आंघोळीआधी बादलीत तोंड घालून वीस वेळा हंऽऽ. बॅच कुठली मिळाली ते इथेच लिहा, पुढच्या आठवड्यांचा सराव त्याप्रमाणे बसवून देते.