पुन्हा लॉकडाऊन लागला तर घरात किती तयारी असावी? आणि 'आता उघडा' म्हणणारा बरोबर की 'अजून थांबा' म्हणणारा?

तुम्ही लिहिलंय की मागच्या महासाथीत तुमच्या घरात दोन तट पडले होते. भाऊ म्हणायचा, धंदा बुडतोय, उघडा आता. वडील म्हणायचे, जीव राहिला तर धंदा, थांबा अजून. शिवाय पुन्हा तशी वेळ आली तर घरात काय काय भरून ठेवायचं, हेही विचारलंय. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. २०२० मध्ये मी जेवढे वाद ऐकले, त्यात ज्याच्या घरात महिन्याचं सामान होतं आणि खात्यात पगार जमा होत होता, तो बहुधा 'थांबू' म्हणायचा. ज्याचं हातावर पोट होतं, तो 'उघडा' म्हणायचा. आकडे दोघंही तेच वाचत होते. म्हणून आधी साठ्याचं बोलतो.

साठा १४ दिवसांचा पुरे. विषाणूशी संपर्क आल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कोविडमध्ये सरासरी पाचेक दिवस जायचे, पण क्वचित १४ दिवसही लागायचे. विलगीकरण सुरुवातीला १४ दिवसांचं होतं ते यामुळेच. म्हणजे घरातलं कोणी संपर्कात आलं तर तेवढे दिवस कुणालाही उंबरा ओलांडावा लागू नये, इतकीच सोय करायची. लॉकडाऊन किती चालेल याचा अंदाज बांधून साठा करू नका. वुहान २३ जानेवारी २०२० ला बंद झालं आणि ८ एप्रिलला उघडलं, ७६ दिवसांनी. तेवढं सामान घरात कोण भरणार? आणि भरायची गरजही नसते, कारण बहुतेक देशांत अन्नाची आणि औषधांची दुकानं चालूच होती.

मार्च २०२० मध्ये कित्येक देशांत टॉयलेट पेपर मिळेनासा झाला, तेव्हा लोकांच्या वेडेपणावर भरपूर विनोद झाले. घबराट होतीच, पण तेवढंच कारण नव्हतं. ऑफिसं आणि शाळा बंद पडल्या आणि तिथला सगळा वापर घरात आला. ऑफिसात लागतात ते मोठे रोल. ते वेगळ्या यंत्रांवर बनतात आणि वेगळ्या व्यापाऱ्यांमार्फत विकले जातात. कारखान्याला हे रातोरात बदलता येत नाही. गोदामात माल पडून होता, फक्त घरात वापरता येईल अशा पाकिटात नव्हता. म्हणून साठा करायचा तो साथ नसताना, हळूहळू. दर खेपेला एखादी वस्तू जास्त आणा, घरात रोज लागतं तेच आणा, जुनं पुढे आणि नवं मागे लावा. साथीची बातमी आल्यावर गाडी भरून आणणारा माणूस दुसऱ्याच्या वाट्याचं उचलत असतो, हे मात्र खरं.

औषधांचं थोडक्यात सांगतो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, जे काही रोज लागतं ते महिनाभर पुरेल इतकं घरात हवं, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये हवा.

खरी तयारी आजारी माणसासाठी करायची असते, आणि तिकडे फार कमी घरांचं लक्ष जातं. ऑक्सिमीटरचंच बघा. कोविडमध्ये काही रुग्णांचा ऑक्सिजन खाली गेलेला असायचा, तरी त्यांना धाप लागत नसे. नुसतं तोंडाकडे बघून कळत नव्हतं, म्हणून ते छोटं यंत्र उपयोगी पडलं. पण ते लावायचीही रीत आहे. नेलपेंट काढा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा, पाच मिनिटं स्वस्थ बसा, मग बोट आत घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत बघत राहा. बोट घातल्या घातल्या दिसतो तो आकडा लिहू नका. ९४ च्या खाली आलं की डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली आलं की कुणालाही विचारत न बसता रुग्णालय. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून डिसेंबर २०२० मध्ये एक अभ्यास आला. यंत्र ठीक म्हणतंय आणि रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी आहे, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं. म्हणून घरातल्या प्रत्येकाचा धडधाकट असतानाचा आकडा आधीच टिपून ठेवा. एरवी ९८ दाखवणाऱ्याचं ९५ झालं तर ते यंत्राच्या हिशेबात बसत असेल, पण तुम्ही कान टवकारायला हवेत.

शेजारी वही ठेवा. वेळ, ताप, ऑक्सिजन, कोणती गोळी दिली, लघवीला केव्हा झाली. रात्री दोनला फोनवर डॉक्टर 'ताप कधीपासून?' असं विचारतात तेव्हा जागरण झालेल्या माणसाला काही म्हणता काही आठवत नाही. जुलाब असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा. पहिले काही महिने अख्खं जग पिशव्या पुसत बसलं होतं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं सांगितलं की बाधित पृष्ठभागाला हात लागल्यानं लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे. धोका हवेत होता.

सगळ्यात मोठी उणीव कपाटात नसतेच. घरात एक जण असतो, बहुतेक घरांत बाईच, जिला सगळं ठाऊक असतं: कोणाची गोळी जेवणाआधीची, विम्याची कागदं कुठल्या फाइलमध्ये, लहानग्याला कशानं पुरळ उठतं. तीच आडवी झाली तर? तिच्या डोक्यातलं कागदावर उतरवून घ्या. तिच्याच हस्ताक्षरात नको, ते वाचता येईल अशा हस्ताक्षरात.

आता वादाकडे. जगात काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे २ अब्ज माणसं असंघटित क्षेत्रात आहेत, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ मधला हिशेब. त्यांच्यासाठी १४ दिवसांचा साठा म्हणजे १४ दिवसांची मजुरी आगाऊ हातात असणं. ती नसते. त्यामुळे 'थांबा' म्हणणाऱ्यानं त्याच दमात 'थांबण्याचा खर्च कोण उचलणार' हेही सांगायला हवं. तुमच्या वडिलांचा मुद्दा चूक नाही, पण तो भावाच्या खिशावर उभा आहे. भाऊ 'उघडा' म्हणतो तेव्हा त्याला साथ खोटी वाटते असं धरून चालू नका.

तरीही पोटाची ओढ खरी म्हणून विषाणूचं गणित बदलत नाही. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना लागण देतो, त्यावर सगळं ठरतं. समजा आज १,००० नवे बाधित आहेत आणि एकाकडून दुसऱ्याकडे लागण जायला पाचेक दिवस लागतात. तो आकडा ०.९ असेल तर ५० दिवसांनी रोजचे नवे रुग्ण साधारण ३५० होतात. १.१ असेल तर २,६०० च्या आसपास. नुसत्या वागणुकीत ०.९ आणि १.१ हा फरक कुणाला जाणवणारही नाही. ०.७ पर्यंत खाली आणलात तर मात्र तेवढ्याच दिवसांत ३० च्याही आत. म्हणून रुग्ण घटू लागल्याबरोबर उघडणं आणि चांगले घटल्यावर उघडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यात पुन्हा आज ज्यांचा मृत्यू झाला त्यांना लागण झाली होती दोन-तीन आठवड्यांपूर्वी. आज दिलेल्या सवलतीचा परिणाम आठवड्याभरात दिसत नाही, आणि 'बघा, उघडलं तरी काही झालं नाही' हे वाक्य नेमकं त्याच आठवड्यात ऐकू येतं.

१९१८ च्या फ्लूचा दाखला दोन्ही बाजू देतात, अर्धा अर्धा. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २८ सप्टेंबर १९१८ ला युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक निघाली, सुमारे दोन लाख लोक जमले आणि काही दिवसांत रुग्णालयं भरली. तिथल्याच सेंट लुईस शहरानं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा, नाट्यगृहं, सभा बंद केल्या आणि तिथे मृत्यूचं प्रमाण बरंच कमी राहिलं. इथवर सगळे सांगतात. पण नोव्हेंबरमध्ये सेंट लुईसनं बंधनं सैल केली तेव्हा तिथेही रुग्ण पुन्हा चढले आणि पुन्हा बंद करावं लागलं. सॅन फ्रान्सिस्कोत २१ नोव्हेंबरला दुपारी भोंगा वाजला आणि लोकांनी मास्क काढून रस्त्यावर फेकले. जानेवारीत मास्कची सक्ती परत आली, आणि तिच्याविरुद्ध चक्क एक संघटनाही उभी राहिली. शंभर वर्षांनी आपण भांडलो ते काही नवं नव्हतं.

तेव्हा 'कोणत्या तारखेला' हा प्रश्नच सोडून द्यावा असं माझं मत. अट ठरवावी. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक साधी कसोटी दिली होती: चाचण्यांपैकी बाधित निघणारे सलग १४ दिवस ५ टक्क्यांच्या खाली. हे प्रमाण जास्त असेल तर तुम्ही फक्त उघड आजारी माणसं तपासताय आणि बाकीची साथ नजरेआड आहे, असा त्याचा अर्थ. त्याच महिन्यात जर्मनीनं उलटी अटही जाहीर करून टाकली: एखाद्या जिल्ह्यात सात दिवसांत लाखामागे ५० नवे रुग्ण झाले की तिथे पुन्हा बंधनं. मला हे जास्त आवडलं. उघडण्याची आणि परत बंद करण्याची अट आधीच माहीत असेल तर दर आठवड्याला नव्यानं डोकेफोड होत नाही.

आणि क्रम. डेन्मार्कनं १५ एप्रिल २०२० ला आधी लहान मुलांच्या शाळा उघडल्या, छोटे छोटे गट करून, जमेल तेवढं उघड्यावर. इस्रायलनं मे महिन्यात पूर्ण वर्ग भरवले. उष्णतेची लाट आली, मास्कमधून सूट मिळाली, वर्गात एसी चालू राहिले आणि जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत मोठा उद्रेक झाला. शाळा लवकर उघडाव्यात या मताचा मी आहे. युनेस्कोच्या मोजणीनुसार त्या वसंतात दीड अब्जाहून जास्त विद्यार्थी घरी होते, आणि काही ठिकाणी शाळांच्या आधी मद्यालयं उघडली याचं समर्थन मला आजही करता येत नाही. पण उघडायची ती डेन्मार्कसारखी.

'म्हाताऱ्यांना जपा, बाकीच्यांना फिरू द्या' असा जाहीरनामा काही शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२० मध्ये काढला होता. तुमच्या भावाला तो पटेल. पण भाऊ आणि वडील एका छताखाली, एका न्हाणीघरात वावरतात तिथे 'जपा' म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यात नव्हतं.

ते घरानंच ठरवावं लागतं. सरकारनं उघडलं म्हणजे परवानगी मिळाली, सगळ्यांनी त्याच दिवशी बाहेर पडलंच पाहिजे असं नाही. ज्याला जावंच लागतं त्यानं आधी जावं, ज्याला घरून भागवता येतं त्यानं तीन आठवडे मागे राहावं. त्यानं गर्दीही तेवढी कमी होते. पुढच्या वेळी भाऊ पहिल्याच दिवशी कामाला जाऊ दे, मास्क लावून. त्या तीन आठवड्यांत त्यानं वडिलांच्या पंगतीला बसू नये, वेगळ्या खोलीत झोपावं, बोलायचं असेल तर उघड्या जागेत बोलावं. जिल्ह्याचा आकडा तोवर चढला नाही तर वडिलांनीही बाहेर पडावं. चढला तर भावाच्या धंद्याचे पुढचे दोन आठवडे घरातल्या कोणाच्या पैशांतून निघणार, हे आत्ताच, साथ नसताना, जेवणानंतर बसून बोलून घ्या.