रोजनिशीमुळे स्मरणशक्ती टिकते का?

प्रश्न : माझे वय ६८ वर्षे आहे. अलीकडे ओळखीच्या माणसांची नावे ऐनवेळी आठवत नाहीत आणि मागच्या आठवड्यात काय काय घडले हे सांगताना अडखळायला होते. रोज डायरी लिहिल्यास स्मरणशक्ती टिकते, असे माझी मुलगी म्हणते. मी लिहू लागलो, परंतु ‘लवकर उठलो, फिरून आलो, वर्तमानपत्र वाचले’ यापलीकडे काही सुचत नाही. अशा लेखनाचा खरोखर उपयोग होतो का? मोबाइलवर नोंदी केल्या तर चालतील का?

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे अर्धे खरे आहे. रोजनिशी लिहिल्याने स्मृतिभ्रंशासारखा आजार टळतो, असे सिद्ध झालेले नाही. या संदर्भात अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) एका अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. तरुणपणी लिहिलेल्या आत्मवृत्तात ज्यांचे लेखन अधिक विचारगर्भ होते, त्यांच्यात उतारवयात अल्झायमरचे प्रमाण कमी आढळले, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत म्हटले आहे. परंतु ते लेखन विशीतले होते आणि तो केवळ संबंध होता, कारण नव्हे. त्यावरून साठीनंतर वही उघडणाऱ्याला कोणतेही आश्वासन देता येत नाही.

मात्र, जे आपण प्रयत्नपूर्वक आठवतो ते अधिक काळ लक्षात राहते, याला भक्कम आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. रोजनिशीचा खरा लाभ इथेच आहे. वहीत माहिती साठते हा त्याचा दुय्यम भाग. लिहिण्यापूर्वी दिवस मनात उलगडण्याचे जे कष्ट होतात, ते महत्त्वाचे. म्हणून मोबाइलमधील छायाचित्रे आणि संदेश पाहून नोंद करू नये. आधी आठवावे, लिहावे आणि मग हवे तर पडताळावे. विस्मरणाचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले होते. तेव्हा आठवड्याच्या नोंदी रविवारी एकदम लिहून काढण्यापेक्षा त्या-त्या संध्याकाळी चार ओळी लिहिणे बरे.

आता ‘उठलो, फिरून आलो’ या अडचणीविषयी. ती केवळ आपली नाही. बहुतेकांच्या वह्या याच वाक्यावर बंद पडतात. एकसारखे प्रसंग स्मृतीत एकमेकांत मिसळून जातात आणि रोजच्या फिरण्यातून एकच ‘फिरणे’ शिल्लक राहते. त्यामुळे आजचा दिवस कालच्यापासून वेगळा करणारी गोष्ट शोधावी : वाटेत कोण भेटले, त्याने कोणत्या विषयावर वाद घातला, बातमी वाचून आपल्याला राग का आला. विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञांनी सहा वर्षे स्वतःच्या आयुष्यातील घटना ‘काय, कोण, कुठे, केव्हा’ अशा नोंदवल्या आणि पुढे त्यांतील एकेक धागा घेऊन घटना आठवून पाहिली. १९८६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ‘काय घडले’ हा धागा सर्वाधिक उपयोगी ठरला, तर नुसत्या तारखेवरून जवळजवळ काहीच आठवले नाही. म्हणून पानावर केवळ तारीख घालून थांबू नये. तिच्याखाली त्या दिवसाचे दोन-तीन शब्दांचे शीर्षकही घालावे आणि भेटलेल्या माणसांची नावे पूर्ण लिहावीत. आठ-दहा दिवसांनी मजकूर झाकून केवळ शीर्षक वाचावे, बाकीचे आठवून पाहावे आणि नंतरच कागद बाजूला करावा. आठवलेले आणि लिहिलेले जुळले नाही तर घाबरू नये. प्रत्येक आठवण थोडीफार नव्याने रचली जाते आणि हे तरुणांच्याही बाबतीत घडते.

मोबाइल अवश्य चालेल. लिहिताना हात थरथरत असेल किंवा डोळ्यांना त्रास होत असेल, तर आवाजात नोंद करण्यासही हरकत नाही.

नाव ऐनवेळी न सुचणे आणि काही वेळाने आठवणे, हे वाढत्या वयात सामान्य समजले जाते. परंतु ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, एकच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणे किंवा नेहमीच्या आर्थिक व्यवहारांत गोंधळ होणे, असे घडू लागले तर डायरीवर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, अपुरी झोप आणि काही औषधे यांमुळेही विस्मरण वाढते आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार होतात. अशा भेटीला जाताना विसरण्याचे प्रसंग तारखेसह लिहिलेले पान सोबत न्यावे आणि मुलीलाही बरोबर घ्यावे, कारण आपल्या लक्षात न आलेले प्रसंग आपल्या वहीत असणार नाहीत. ते तिलाच सांगता येतील.