वाचक विचारतात : मी एकटाच असा आहे का?

प्रश्न : ताई, माझं वय ३६. गेल्या सहा-सात वर्षांत देवावरचा माझा विश्वास हळूहळू गेला. कुणावर राग नाही, काही वाईट घडलं म्हणूनही नाही. नुसता उरला नाही. घरच्यांबरोबर प्रार्थनेला उभा राहतो, हात जोडतो, ओठ हलवतो. आजूबाजूचे सगळे मनापासून मानणारे दिसतात, आणि छापून येणारे आकडेही तेच सांगतात. माझ्यासारखी माणसं खरंच इतकी थोडी आहेत का?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘ओठ हलवतो’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. आधी माझं सांगते, म्हणजे उत्तर कोण देतंय ते तुम्हाला कळेल. मी श्रद्धाळू आहे, रोज प्रार्थना करते. आणि बावीस वर्षं मी सर्वेक्षणांत काम केलं आहे. आधी दारोदार जाऊन प्रश्न विचारले, नंतर प्रश्नावल्या तयार केल्या. त्यामुळे असा आकडा कागदावर कसा येतो, ते मी जवळून पाहिलं आहे.

एका घरी चाळिशीतल्या एक बाई उत्तरं देत होत्या. सासूबाई त्याच खोलीत बसलेल्या. ‘देवावर विश्वास आहे का?’ या प्रश्नावर त्यांनी लगेच सांगितलं, ‘हो, पूर्ण.’ मी खूण केली. मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच विचारलं, ‘ते एक उत्तर आता बदलता येतं का?’ मी म्हटलं, येतं. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘राहू दे.’ माणूस जे सांगेल तेच लिहायचं, हा आमचा नियम. त्यामुळे त्या दिवशीच्या मोजणीत त्या पूर्ण विश्वास असलेल्यांतच गेल्या.

अशी माणसं किती, हे समोरासमोर विचारून कळणार कसं? यासाठी एक युक्ती आहे. एका गटाला साध्यासुध्या विधानांची यादी द्यायची : मी शाकाहारी आहे, माझ्याकडे कुत्रा आहे, अशी. कोणती विधानं लागू पडतात ते सांगायचं नाही, फक्त किती लागू पडतात तो आकडा सांगायचा. दुसऱ्या गटाला तीच यादी द्यायची, पण तिच्यात एक विधान जास्त : ‘मी देवावर विश्वास ठेवत नाही.’ समजा पहिल्या गटाची सरासरी ३.२ आली आणि दुसऱ्याची ३.४, तर वीस टक्के लोकांनी ते जास्तीचं विधान मोजलं. कोणी मोजलं, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. अमेरिकेतल्या विल जर्व्हे आणि मॅक्सिन नाज्ले या दोन मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत प्रत्येकी दोन हजार माणसांच्या दोन नमुन्यांवर वापरली; त्यांचा निबंध २०१८ साली छापून आला. फोनवरच्या पाहण्यांत तिथे देव न मानणारे ३ ते ११ टक्के निघत होते. यांचा अंदाज आला २६ टक्के.

हा २६ चा आकडा मात्र घट्ट धरून ठेवू नका. या पद्धतीत अनिश्चितता मोठी असते आणि त्या दोघांनी ती स्वतःच मांडली आहे. प्रमाण ११ टक्क्यांहून जास्त आहे, याची त्यांना जवळजवळ खात्री वाटते. ते २० च्या वर आहे, असं म्हणताना त्यांची खात्री ८० टक्क्यांवर येते. मला महत्त्वाची वाटते ती फोनवर सांगितलेला आकडा आणि या पद्धतीने निघालेला आकडा यांमधली दरी. ‘राहू दे’ म्हणणारी माणसं त्या दरीत आहेत.

आचरणाचंही असंच. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या तीन समाजशास्त्रज्ञांनी लोक चर्चला जातो असं किती सांगतात आणि प्रत्यक्षात किती जातात, याची तुलना केली. सांगणाऱ्यांच्या जेमतेम निम्मे लोक खरोखर जात होते. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. ‘गेल्या आठवड्यात गेला होतात का?’ हा प्रश्न कित्येकांना ‘तुम्ही चांगले आहात का?’ असा ऐकू येतो, आणि ते त्या प्रश्नाचं उत्तर देतात.

शब्द बदलला की आकडा किती बदलतो, याचं उदाहरण ब्रिटनचं. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ टक्क्यांनी ‘धर्म नाही’ असं नोंदवलं. त्याच सुमारास तिथल्या नावाजलेल्या वार्षिक सामाजिक पाहणीत हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. जनगणना विचारते, ‘तुमचा धर्म कोणता?’ म्हणजे तो असणार हे धरूनच. पाहणी विचारते, ‘तुम्ही स्वतःला एखाद्या धर्माचे मानता का?’ शिवाय जनगणनेचा अर्ज पुष्कळदा घरातलं एकच माणूस सगळ्यांच्या वतीने भरतं. २०२१ च्या जनगणनेत ते प्रमाण ३७ टक्क्यांवर गेलं.

आपल्याकडच्या शब्दाचीही एक अडचण आहे. ‘नास्तिक’ म्हटलं की उद्धट, वाद घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून देव न मानणारेही ‘छे, मी नास्तिक नाही’ म्हणतात. मुळात या शब्दाचा देवाशी संबंधच नव्हता. पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ या सूत्राचा अर्थ लावताना टीकाकार परलोक मानणं किंवा न मानणं एवढंच धरतात; मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणून तर ईश्वराची गरज न मानणारं सांख्य आस्तिक दर्शनांत बसतं. तुम्ही स्वतःला कोणता शब्द लावायचा, हे उद्याच ठरवायला हवं असं नाही.

पण आता दुसरी बाजूही ऐका, कारण तुमच्यासारख्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. एकदा ही दरी दिसली की वाटू लागतं, सगळेच आतून माझ्यासारखे आहेत. तसं नाही. प्यू या संशोधनसंस्थेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगातली सुमारे २४ टक्के माणसं, म्हणजे १९० कोटी, कोणत्याही धर्माशी स्वतःला जोडत नव्हती. उरलेली तीन चतुर्थांश जोडत होती. त्या १९० कोटींतही सगळे अविश्वासी नाहीत. कित्येक जण देव किंवा कुठली तरी अदृश्य शक्ती मानतात. जपानमध्ये धर्म नाही म्हणणारे अर्ध्याहून अधिक, आणि पूर्वजांना काही अर्पण करणारे त्यांच्याहूनही जास्त. मी भेटलेल्या हजारो माणसांपैकी बहुतेकांची श्रद्धा अस्सल होती. तुमच्या शेजारी उभी असलेली तुमची आई बहुधा मनापासूनच प्रार्थना करते आहे.

एक घरातली गोष्ट सांगते. माझ्या शस्त्रक्रियेआधी रुग्णालयाचा अर्ज हे भरत होते. माझ्या नावापुढे धर्म लिहिला. सोबत आलेल्या नातेवाइकासाठी वेगळा कागद होता; त्यावर तोच रकाना आला तेव्हा यांनी खिडकीतल्या मुलीला विचारलं, ‘हे रिकामं ठेवलं तर चालेल?’ लग्नाला तेव्हा ३१ वर्षं झाली होती. रात्री मी विचारलं. म्हणाले, ‘कॉलेजात असल्यापासून नाही मानत. प्रार्थनेला बसतो ते तू बसतेस म्हणून.’ हजारो अनोळखी माणसांना मी तो प्रश्न विचारला होता, आणि घरात एकदाही नाही. ते आजही शेजारी बसतात. फक्त आता ओठ हलवत नाहीत, नुसते बसतात, आणि मला ते जास्त आवडतं.

प्रश्न : मी संशोधक आहे. आमच्या विभागात देवाचा विषय निघाला की सगळे हसतात. मी रोज प्रार्थना करते, पण कुणाला कळू देत नाही. विज्ञानात काम करणारी श्रद्धाळू मी एकटीच का?

उत्तर : पहिलं पत्र आणि तुमचं पत्र एकाच आठवड्यात आलं, म्हणून दोन्ही शेजारी छापते आहे.

जेम्स ल्यूबा या मानसशास्त्रज्ञाने १९१४ साली अमेरिकेतल्या हजार वैज्ञानिकांना देवाविषयी विचारलं होतं. तेही मोघम नाही. प्रार्थना केली तर उत्तर देईल अशा देवाविषयी. सुमारे ४० टक्क्यांनी हो म्हटलं. ही संख्या पुढे घटत जाईल, असं ल्यूबांना वाटत होतं. सुमारे ऐंशी वर्षांनी, १९९६ मध्ये, एडवर्ड लार्सन आणि लॅरी विथम यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. तेव्हाही सुमारे ४० टक्केच. त्याच दोघांनी नंतर तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांना विचारलं, तेव्हा मात्र फक्त ७ टक्के निघाले. म्हणजे अगदी वरच्या वर्तुळात तुम्ही खरोखर विरळ आहात, पण साध्या प्रयोगशाळेत तशा नाही.

तुमच्या विभागात हसणारे नेमके किती आणि हसणाऱ्यांबरोबर हसणारे किती, हे तुम्ही मोजलेलं नाही. पुढच्या वेळी हशा सुरू झाला की बोलणाऱ्याकडे पाहू नका. कोण खाली बघतंय ते पाहा. आणि जमलं तर त्या एका माणसाशी, दोघंच असताना, बोला. काय झालं ते मला कळवा.